काचेवरचं धुरांडं

१८ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न वाचताच तू चुलीत टाकशील, अशी मला भीती आहे. टाक, पण आधी वाच. सात महिने आपण एकमेकींशी बोललो नाही आणि आता बोलायची वेळ आली ती अशी.

पाववाल्या गाडीचा ड्रायव्हर काल तुझी चिठ्ठी देऊन गेला. दोनच ओळी. ‘माझं पत्र मिळालं होतं का? यांनीही त्यात खाली लिहिलं होतं.’ बाकी काही नाही, एक शिवीसुद्धा नाही. तू मला चार शिव्या हासडल्या असत्यास तर मला जरा बरं वाटलं असतं.

नाही ताई, तुझं पत्र मला मिळालं नाही. वाटेत कुठेतरी गहाळ झालं असेल. लढाईच्या दिवसांत डाकेचं काही खरं नाही. माझ्या पाळीला एक ताडमाड उंच मुलगी असते, तिला आम्ही लंबू म्हणतो. तिच्या आईचं पत्र तिला चार महिन्यांनी मिळालं, तेही अर्धं भिजलेलं.

भाऊजींचं मला नऊ तारखेलाच कळलं. दुपारी तीनच्या सुमारास फोनवरून हल्ल्यात गेलेल्यांची अकरा नावं आली आणि ती उतरवून घ्यायला नेमकी मीच बसले होते. तिसरं नाव त्यांचं. मी ते नीट अक्षरात लिहिलं, पुढची आठ लिहिली, कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि चहा घ्यायला गेले. चहा प्यालेसुद्धा. मग कप विसळताना हात थांबेचनात, तोच कप किती वेळ विसळत होते कोण जाणे. शेवटी लंबूने माझ्या हातातून तो काढून घेतला.

रजा मागितली होती, मिळाली नाही. सध्या कोणालाच मिळत नाही.

इथल्या कामाबद्दल लिहायची मुभा नाही. आमची पत्रं आधी एक कारकून वाचतो आणि नको त्या ओळींवर काळी शाई फिरवतो. त्यामुळे लिहिण्यासारखं उरतं ते एवढंच: आम्ही आठ जणी एका लांबट खोलीत राहतो, मधोमध एक शेगडी आहे, तिच्यावर पायमोजे वाळत असतात आणि त्यांच्या वासाने माणूस गार व्हावा. वारा असा सुटतो की दार उघडायला दोघी लागतात. जेवणात बटाटे असतात. कालही होते, उद्याही असतील.

भाऊजी मला मेहुणीबाई म्हणायचे. मी नऊ वर्षांची असल्यापासून! नऊ वर्षांच्या पोरीला कोणी ‘अहो मेहुणीबाई, बसा’ म्हणतं का? मी फुगून बसायचे आणि त्यांना तेच हवं असायचं. ते जेवायला कायम उशिरा यायचे ते आठवतं? गिरणीची पाळी सुटली की फोरमन असून फाटकात उभे, शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत. तू ताट झाकून बसायचीस आणि चिडायचीस. ते म्हणायचे, ‘अगं, मोजून घेतो. एखादा आत राहायचा.’

पुढे लिहवत नाही. मला काय लिहायचंय तेही मला धड माहीत नाही.

धाकटी


२३ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र डाकेने नाही, ड्रायव्हरच्या हाती देतेय. कोणी पकडलं तर तो जाईल आणि मीही जाईन, पण काळ्या शाईखालचं पत्र तुला पाठवून काय उपयोग? आम्ही इथे काय करतो ते तुला कळायलाच हवं. नाहीतर पुढचं तुला काही समजणार नाही.

आपले अप्पा गेले तेव्हा तू मला दारातच म्हणाली होतीस, ‘तुझ्या यंत्रातून म्हणे सगळं जग दिसतं, घर तेवढं दिसत नाही.’ मला रजा बुधवारची मिळाली होती आणि मी ‘एवढी एक पाळी उरकून येते’ म्हणत गुरुवारी निघाले. अप्पांनी बुधवारी संध्याकाळी डोळे मिटले. तू म्हणालीस ते खरंच होतं, म्हणून तर इतकं झोंबलं.

तर हे यंत्र. टेकडीवर एक उंच लोखंडी सांगाडा आहे, त्याच्या पायथ्याशी वाळूच्या पोत्यांनी मढवलेली खोली. आत दिवसाही अंधार. तिथे काचेचा पडदा आहे, ताटाएवढा, आणि त्यावर डावीकडून उजवीकडे एक हिरवी रेघ. दूरवर काही असलं, विमान म्हण, टेकडी म्हण, की रेघेवर त्या अंतरावर कोंब फुटतो. जवळचं डावीकडे, लांबचं उजवीकडे. विमानाचा कोंब नाचतो आणि सरकतो. टेकडीचा जागचा हलत नाही. एकीने पडद्यापुढे बसून कोंब सांगायचे, दुसरीने नकाशावर मांडायचे, तिसरीने फोन धरायचा. अर्ध्या तासाने जागा बदलायच्या, कारण त्याहून जास्त पाहिलं तर नसलेले कोंबही दिसायला लागतात. आमच्या फोनवरून शब्द गेला की शहरातले भोंगे वाजतात. सगळं काम एवढंच.

यंत्राची देखभाल एक मेकॅनिक करतो. आम्ही त्याला डॉक्टर म्हणतो, कारण रोज सकाळी तो यंत्राच्या पेटीवर तळहात ठेवतो आणि ‘आज जरा कणकण आहे’ असं काहीतरी पुटपुटतो. केस सगळे पांढरे, बोलणं कमी. माझ्यासारखीला ‘तू राहू दे’ म्हणून स्वतः गरम तारा धरणारा माणूस.

आता त्या दिवसाचं. परवा दोन चौकशी अधिकारी आले. खिंडीवरच्या टेहळणी ठाण्याची वही त्यांच्याकडे होती. तिथल्या माणसाने सहा वाजून पन्नास मिनिटांनी विमानांचा आवाज ऐकला, फोन उचलला तर तार मेलेली. आमच्या वहीत पहिली नोंद आहे सहा बावन्नची. भोंगा त्यानंतर लगेच वाजला आणि पुढच्या चाळीस सेकंदांत गिरणीच्या आवारात पहिला बॉम्ब पडला. सातच्या पाळीची माणसं तेव्हा फाटकात जमत होती. हे तुला मी काय सांगायचं.

अधिकाऱ्यांचा प्रश्न सरळ होता. मधली दोन मिनिटं तुमचं यंत्र काय करत होतं?

पडद्यापुढे मी होते. मी सांगितलं, ‘नवीन काही दिसलं नाही.’

त्यांनी ते लिहून घेतलं. दिसलं नाही, म्हणजे यंत्र आंधळं झालं होतं. आंधळं झालं, म्हणजे देखभालीत कसूर. डॉक्टरला उभं करून तासभर विचारत होते. तो एवढंच म्हणत राहिला की सकाळी यंत्र ठीक होतं, निदान मला तसं वाटलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, ‘आता माझीच मला खात्री नाही.’ एक तारखेला त्याला इथून हलवणार आणि पुढे खटला चालणार, असं साहेब म्हणाले.

मी खोटं बोलले नाही, ताई. नवीन काही दिसलं नव्हतंच.

जेवण जात नाही. तू जेवतेस ना?

धाकटी


२७ फेब्रुवारी

ताई,

तीन कागद फाडले. आता हा फाडायचा नाही असं ठरवून बसलेय. दुपारची वेळ आहे, सगळ्या पाळीवर गेल्यात, खोलीत मी आणि ते पायमोजे.

तुझं पत्र मला मिळालं होतं. सहा फेब्रुवारीला, हल्ल्याच्या तीन दिवस आधी. मी ते उघडलं नाही. तुझं अक्षर पाहिलं आणि मनात म्हटलं, आली का आठवण आता? सहा महिने माझ्याशी अबोला धरलास ना, मग आता माझी पाळी. चांगलं आठवडाभर तंगवायचं आणि मग उघडायचं, असा माझा बेत होता. ते पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. नऊ तारखेला पडद्यापुढे बसले तेव्हाही ते तिथेच होतं. अजून आहे आणि अजून बंद आहे. तुझी चिठ्ठी आल्यावर मला कळलं की त्यात भाऊजींचं अक्षर आहे, तेव्हापासून तर हात लावायचीही छाती होत नाही.

रजाही मी मागितलीच नव्हती. तुझ्या दारात उभं राहायची हिंमत नव्हती म्हणून.

आणि आता ते.

टेकड्या, मोठे बुरूज, उंच इमारती यांचे कोंब कायमचे रेघेवर असतात. ते विमान समजून रोज भोंगे वाजवले तर शहराला वेड लागेल. म्हणून रोज सकाळी सहाला डॉक्टर यंत्र थोडा वेळ बंद करतो, काच पुसून घेतो आणि पुन्हा सुरू करतो. रेघ स्थिरावायला दहा मिनिटं लागतात. मग पहिल्या पाळीच्या मुख्य मुलीने नीट पाहून मेणाच्या पेन्सिलीने काचेवर खुणा करायच्या. हा जुळ्या टेकडीचा कोंब, हा म्हाताऱ्याचा. म्हातारा म्हणजे समुद्रातला खडक. खुणेच्या आत जे असेल ते सांगायचं नाही. दिवसभरच्या सगळ्या पाळ्या त्याच खुणा धरून चालतात. पहिल्या पाळीची मुख्य मुलगी मी आहे.

उजवीकडच्या टोकाला एक खूण होती. ती आपल्या गिरणीच्या धुरांड्याची.

ताई, मला घर दिसत होतं. अप्पांच्या वेळी तू ते बोललीस तेव्हा मी उलटून सांगू शकले नाही, कारण बाहेर बोलायची बंदी. पण भाऊजी मला बसपर्यंत सोडायला आले होते, त्यांना मी रडत रडत सांगून टाकलं. म्हटलं, रोज सकाळी मी आधी तुमचं धुरांडं बघते, मग बाकीचं जग. बावीस किलोमीटरवरून दिसतं मला. ते हसले आणि म्हणाले, ‘मग उद्यापासून वर चढलो की हात करतो.’

त्यानंतर मी तिकडे पाहायचं सोडून दिलं. तुझ्यावरचा राग होता. रेघ स्थिरावण्याआधीच, काच कोरी असतानाच, मी धुरांड्याची खूण नुसत्या आठवणीवरून आखून टाकायचे. जागा मला तोंडपाठ होती, झोपेतही काढली असती. बाकीच्या खुणा मी पाहून काढायचे. तेवढी एक न पाहता.

तीन फेब्रुवारीला गिरणीचं धुरांडं पाडलं. शत्रूच्या विमानांना ते लांबून दिसतं म्हणून. पाडल्याचा सरकारी कागद आमच्याकडे पंधरा तारखेला आला. भाऊजींना जाऊन सहा दिवस झाल्यावर! वरच्या कोणत्या तरी कचेरीत तो पडून होता. मला सुटायचं असतं तर हा कागद पुरेसा आहे. पण सहा दिवस रोज सकाळी ती जागा माझ्यापुढे रिकामी होती आणि मी तिच्यावर खूण काढत होते. पाच तारखेला लंबूने विचारलंही, ‘आज तुझं धुरांडं दिसत नाही का गं?’ मी म्हटलं, ‘हवा असेल.’ हवेने कोंब लहानमोठे होतात, कधी दिसेनासेही होतात, ते खरं आहे. मी तरीही मान वर करून पाहिलं नाही.

आमच्या यंत्राला अंतर अचूक कळतं, दिशा मात्र ढोबळ. खिंड गिरणीपासून दहा-अकरा किलोमीटर बाजूला आहे, पण आमच्यापासून दोन्ही सारख्याच अंतरावर. म्हणून काचेवर दोघींची जागा एकच. विमानं नेहमी समुद्राकडून येतात. त्या दिवशी ती डोंगराला वळसा घालून खिंडीतून बाहेर पडली आणि गिरणीकडे निघाली. पडद्यावर ती नेमकी माझ्या खुणेत उभी राहिली.

मला कोंब दिसला, ताई. सहा पन्नासला दिसला. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? आलं की, हां, आहे धुरांडं जागेवर. कितीतरी दिवसांनी मी तिकडे पाहिलं होतं. मला बरंसुद्धा वाटलं. म्हटलं भाऊजी आता फाटकात उभे असतील, ताई चहा टाकत असेल. मी त्या कोंबाकडे बघत राहिले.

मग तो नाचायला लागला. धुरांडं नाचत नाही. मी ओरडले तेव्हा घड्याळात सहा बावन्न झाले होते.

यंत्र आंधळं नव्हतं. डॉक्टरने ते अगदी ठणठणीत ठेवलं होतं. हे फक्त मला माहीत आहे, आणि आता तुला.

आता पाकीट उघडते. पत्र इथेच थांबवते.


२८ फेब्रुवारी, सकाळी

तुझं पत्र वाचलं. तू लिहिलंयस, अप्पांनी शेवटी माझं नाव घेतलं ते रागाने नव्हे, हे तू मला त्या दिवशी सांगायला हवं होतंस. लिहिलंयस की मोठी असून तूच हट्टाला पेटलीस. माझ्या निळ्या स्वेटरची बाही उसवली होती ती तू शिवून ठेवलीयस. आणि शेवटी, ‘खाली यांनी काय खरडलंय ते तुम्हा दोघांनाच ठाऊक, मला विचारू नकोस.’

भाऊजींची ती ओळ मी उतरवून देते. तुझ्याकडे आता त्यांच्या अक्षरातलं काय काय उरलंय मला माहीत नाही. मूळ कागद तुला हवा असेल तर तोही देईन.

‘मेहुणीबाई, मंगळवारी आपलं धुरांडं पाडलं. पाडायला मीच होतो वर, शेवटचा हात करून घेतला. तुम्हाला आता ते दिसायचं नाही. म्हटलं कळवावं, नाहीतर हरवलं म्हणून शोधत बसाल.’

तीन दिवस हे माझ्या खिशात होतं.

मी आता साहेबांकडे निघालेय. उद्या डॉक्टरला हलवणार आहेत, त्याआधी सांगून टाकते. तुला आधी सांगायचं होतं म्हणून इतका वेळ लावला. तुला आधी सांगितल्याने काही बदलत नाही, हेही मला कळतं.

धाकटी


५ मार्च

धाकटे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून चुलीपाशी नेलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग यांचं घड्याळ घेतलं. त्या दिवशी पट्टा तुटला म्हणून ते घरीच ठेवून गेले होते. घड्याळ घेऊन गिरणीच्या फाटकावर गेले आणि तिथून, भोंगा वाजला की सगळ्यांनी लपायचं त्या तळघराच्या दारापर्यंत चालले. धावले नाही. माझ्या नेहमीच्या चालीने, जशी बाजारात जाते तशी. एक मिनिट पंचवीस सेकंद. परत फाटकाशी आले आणि पुन्हा चालले. एक मिनिट वीस. आवारात माणसं विटा उचलत होती, ती माझ्याकडे बघायला लागली. बघू देत.

तू म्हणतेस दोन मिनिटं. म्हणजे पोचले असते. अंतर जास्त निघावं असं मला फार वाटत होतं, तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. मग कोणाला काही म्हणायची गरजच पडली नसती.

पण एक सांगते. हे पोचले नसते. आपला लंगडा पहारेकरी होता ना, पाय ओढत चालायचा, तोही गेला. त्याला तेवढं अंतर चालायला पाच मिनिटं लागायची. त्याला मागे टाकून हे आत गेले असते असं तुला वाटतं? शेवटचा माणूस आत आल्याशिवाय दार लावू दिलं असतं यांनी? मी अठरा वर्षं ताट झाकून बसले, मला ठाऊक आहे. हे तुझं समाधान व्हावं म्हणून लिहीत नाही. खरं आहे म्हणून लिहिते.

बाकीचे नऊ जण पोचले असते.

त्या नऊ घरी मी रोज जाऊन बसते. त्यातल्या एकीचं लग्न होऊन अजून वर्षही झालेलं नाही. सगळ्याजणी म्हणतात, टेकडीवरचं यंत्र बिघडलं होतं म्हणे, कोणी म्हातारा मेकॅनिक होता म्हणे, त्याला फाशी द्यायला हवं. मी मान खाली घालून ऐकते. तू माझी बहीण आणि तू टेकडीवर आहेस, हे त्यांना माहीत आहे. त्या मलाच विचारतात, तुझ्या बहिणीला काही कळलं का? मी काय सांगू? तुझं पत्र माझ्या पदराखाली आणि मी म्हणते, नाही बाई, तिला लिहायची बंदी आहे.

मला हे जमणार नाही. तू ये.

आधी माझ्याकडे येऊ नकोस. आधी त्या नऊ घरी जा आणि तुझ्या तोंडाने सांग. मी तुझ्यासाठी बोलणार नाही आणि तुझ्याबरोबर आत येणारही नाही. हाकलून दिलं तर ऐकून घे, पायरीवर उभी राहा, पण सांगितल्याशिवाय हलू नकोस. मग घरी ये.

माफ केलं असं मी कागदावर लिहिणार नाही. करता आलं तर तोंडावर सांगेन, नाही आलं तर तेही तोंडावरच सांगेन. यांची ती ओळ तुझ्याकडेच ठेव, ती तुला लिहिली होती.

किती का उशीर होईना, जेवायला थांबेन.

ताई


११ मार्च

ताई,

तुझं पत्र ड्रायव्हरने दिलं तेव्हा मी बटाटे सोलत होते. हातातली सुरी ठेवून तिथेच उभ्या उभ्या वाचलं.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चौकशी अधिकाऱ्यांना फोन लावला. अधिकारी पुन्हा आले आणि माझा जबाब नव्याने झाला. शिक्षा होईल असं मला वाटत होतं. खरं म्हणजे व्हावी असं वाटत होतं. दहा दिवस मला स्वयंपाकघरात लावलं, नावावर कायमचा ठपका ठेवला आणि कालपासून पुन्हा पडद्यापुढे बसवलं. पडदा वाचता येणाऱ्या मुली पुरेशा नाहीत, एवढंच कारण. आता नवा नियम आहे. पेन्सिल हातात घ्यायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघायचं, मग खुणा काढायच्या, दुसरीने त्या तपासायच्या आणि वहीत दोघींनी सह्या करायच्या. सगळ्या ठाण्यांना तो कळवला आहे. कारण लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. काही जणी माझ्याशी बोलत नाहीत. लंबू बोलते, पण बोलताना माझ्याकडे बघत नाही, कारण तिला वाटतं की पाच तारखेला तिने आणखी एकदा विचारायला हवं होतं.

डॉक्टर इथेच राहिला. मी त्याची माफी मागायला गेले तेव्हा तो तारा गुंडाळत होता. हातातलं वेटोळं पूर्ण करून म्हणाला, ‘वीस दिवस मला वाटत होतं की मीच मारलं त्यांना. झोपलो नाही, पोरी.’ आणि पुढचं वेटोळं हातात घेतलं. मला जा म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. मी निघून आले.

रजा मागितली. या वेळी खरंच मागितली आणि मिळाली. चौदा आणि पंधरा, दोन दिवस. एक पाळी उरकून वगैरे नाही, तेराला संध्याकाळीच ड्रायव्हरच्या गाडीत बसते. शहराच्या वेशीवरच्या चौकीत बाकावर बसून राहीन आणि सकाळी पहिल्या घरी जाईन. नऊ घरांचे पत्ते मला उद्याच्या गाडीने पाठव. जिचं लग्न होऊन वर्ष झालेलं नाही, तिचं घर पहिलं लिही. तिथे आधी गेले नाही तर नंतर माझे पाय वळायचे नाहीत.

आज सकाळी डॉक्टरने काच पुसली. मी पेन्सिल खिशात ठेवली आणि नुसती बघत बसले. जुळी टेकडी जागेवर आहे. म्हातारा जागेवर आहे. उजव्या टोकाला, जिथे धुरांडं असायचं, तिथे रेघ सपाट आहे. मी पाच मिनिटं तिथेच बघत होते, तिथे काहीच हललं नाही. वहीत लिहिलं, ‘बावीस किलोमीटरवर काही नाही.’ लंबूने वाकून पाहिलं, तिने सही केली, खाली मी केली.

नऊ घरं आहेत, मला वेळ लागेल. पण जेवायला थांब.

धाकटी